वळवाच्या पावसात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर गेले. अर्थिंगचा नवा खड्डा घेतला तर पुन्हा असं होणार नाही ना?

मखमलाबाद रोड

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचा खर्च करायच्या आधी नीट समजून घ्यायचं आहे.

आमचं नाशिकला मखमलाबाद रोडला स्वतःचं घर आहे, तळमजला आणि वर दोन खोल्या. एका बाजूला अजून द्राक्षाचा मळा आहे. लाईट खांबावरून उघड्या तारांनी येते. गेल्या आठवड्यात दुपारी आभाळ भरून आलं आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीच एक वीज इतक्या जवळ कडाडली की खिडक्यांची तावदानं थरथरली. मळ्याच्या बांधावरच्या नारळावर पडली असं शेजारी म्हणतात, त्याचा शेंडा करपलेला दिसतो. लाईट गेली नाही, फक्त एकदा लुकलुकली. त्याच क्षणी टीव्ही बंद पडला तो पडलाच.

नंतर एकेक लक्षात येत गेलं. टीव्ही, डिशचा सेट-टॉप बॉक्स, वाय-फाय राउटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि बाहेरच्या भिंतीवरचे दोन कॅमेरे गेले. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, पंखे, सगळे एलईडी बल्ब ठणठणीत आहेत. मुलीचा लॅपटॉप तेव्हा चार्जिंगला लावलेला होता, तोही चालू आहे.

वायरमन म्हणतो अर्थिंग कमजोर झालंय, तांब्याची प्लेट टाकून नवा खड्डा करू, बारा हजार लागतील. टीव्हीचा दुकानदार म्हणतो चांगला स्टॅबिलायझर घ्या. छतावर सोलर आहे, त्यांचे तीन वेगळे खड्डे घराच्या मागे आहेत. ते म्हणतात आमचा यात काही संबंध नाही. तिघांचं तीन दिशांना. घरात सासूबाईंना नेब्युलायझर लागतं, मुलीचे क्लास ऑनलाइन असतात, त्यामुळे हे पुन्हा होऊन चालणार नाही. पावसाळा तोंडावर आहे. खरंच काय करायला हवं?

सातपूर कॉलनी

ताई, वायरमन बरोबर सांगतोय. अर्थिंग चांगलं असेल तर वीज थेट जमिनीत जाते, वस्तूंकडे येत नाही. खड्ड्यात मीठ आणि कोळसा थराथराने भरून घ्या, उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता. तपासायला सोपं आहे: १०० वॅटचा बल्ब घ्यायचा, एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. बल्ब झगझगीत पेटला तर अर्थिंग पक्कं. आमच्या वडिलांनी बांधलेल्या घरात अजून तसाच खड्डा आहे.

अंबड मेंटेनन्स

ताई, खड्ड्याचे पैसे आत्ता देऊ नका. मी अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलं, सुपरवायझरचं लायसन्स आहे आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांच्या घरी हेच बघायला जातो. एप्रिलपासून जूनपर्यंत वळवाच्या पावसात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात हा प्रश्न येतोच, आणि दर वेळी लोकांना एकच उत्तर मिळतं: खड्डा करा. म्हणून लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

तुमच्या यादीकडे पुन्हा बघा. जे जळलं त्या प्रत्येक वस्तूला लाईटच्या वायरीशिवाय आणखी एक वायर आहे, आणि ती घराबाहेरून आलेली आहे. सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरच्या डिशची केबल. टीव्ही त्या बॉक्सला एचडीएमआयने जोडलेला. राउटरला नेटची केबल. डीव्हीआरला बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या केबली. फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप यांना फक्त लाईटची वायर, ते सगळे वाचले. लाईटच्या बाजूने झटका आला असता तर फ्रिजचं आणि वॉशिंग मशीनचं कार्ड आधी गेलं असतं. तुमच्याकडे वीज डिशच्या आणि नेटच्या केबलीवरून घरात आली, असा माझा ठाम अंदाज आहे. टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारा, पॉवर सप्लाय जळलाय की एचडीएमआयच्या बाजूची चिप. राउटरचंही तेच विचारा.

आता खड्ड्याबद्दल. आकाशातल्या विजेचा करंट साधारण ३० हजार अँपिअरच्या आसपास असतो, कधी याहून पुष्कळ जास्त. समजा त्यातला तिसरा हिस्सा, १० हजार अँपिअर, तुमच्या अर्थिंगमधून जमिनीत गेला. अर्थिंग उत्तम आहे, ५ ओहम. पाच गुणिले दहा हजार, म्हणजे तुमच्या अर्थिंगच्या पट्टीवर क्षणभर ५० हजार व्होल्ट चढले. तुम्ही आणखी पैसे घालून ते १ ओहमवर आणलंत, तरी १० हजार व्होल्ट. घरातली इलेक्ट्रॉनिक वस्तू दीड ते अडीच हजार व्होल्टचा क्षणिक झटका सोसेल इतपत बनवलेली असते. खड्डा कितीही चांगला करा, नुसत्या खड्ड्याने तो आकडा गाठता येत नाही.

मग वस्तू वाचतात कशा? गोदावरीला पूर येतो तेव्हा होडी पाण्याबरोबर वर चढते, तिला काही होत नाही. पण तिचा एक दोर काठावरच्या कड्याला आखडून बांधलेला असेल तर दोर तरी तुटतो नाहीतर होडी तरी फुटते. घराचं तसंच आहे. वीज जवळ पडली की घरातली सगळी अर्थिंग एकदम वर चढते. फेज, न्यूट्रल, डिशची केबल, नेटची केबल, सोलरचा सांगाडा, पाण्याची लोखंडी पाइपलाइन हे सगळं एकाच वेळी, एकत्र वर चढलं तर वस्तूच्या दोन टोकांमध्ये फरक पडत नाही आणि ती वाचते. यातली एखादी वायर वेगळ्या जमिनीला बांधलेली असली की फरक पडतो, आणि तो फरक नेमका टीव्हीच्या आत फुटतो. म्हणून घरात शिरणारी प्रत्येक धातूची वायर एकाच जागी, एकाच अर्थ बारला, म्हणजे सगळ्या अर्थ वायरी जिथे एकत्र येतात त्या पट्टीला, बांधली गेली पाहिजे. करंट वाहणाऱ्या तारांना थेट अर्थ लावता येत नाही, तिथे मध्ये सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी, लागतो. मला या सगळ्यात हेच सांगायचं आहे आणि मी ते प्रत्येक घरी जीव तोडून सांगतो.

बल्बची टेस्ट आपल्याकडे सगळे करतात, पण ती करू नका, ती धोकादायक आहे आणि फसवी आहे. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. अर्थिंग २० ओहमचं असलं तरी त्यावर जेमतेम ९ व्होल्ट पडतात, बल्ब झगझगीतच दिसतो. तेच २० ओहमचं अर्थिंग गीझरच्या बॉडीला करंट उतरला तर काय करेल? २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही आणि गीझरला हात लावणारा माणूस मरू शकेल. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाईट तोडणारा स्विच, घरात असलाच पाहिजे, नसेल तर आधी तो बसवा, टीव्हीचं नंतर बघू. अर्थिंग मोजायचं ते अर्थ टेस्टरने, जमिनीत दोन खुंट्या ठोकून. आणि मीठ-कोळसा आता करू नये. मीठ जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाइप खाऊन टाकतं, काही वर्षांनी खणलं तर हातात गंजाचा भुगा येतो.

स्टॅबिलायझर विजेसाठी नाही. त्याच्या रिलेला हलायला काही हजारांश सेकंद लागतात, विजेचा झटका दशलक्षांश सेकंदांत चढून उतरलेला असतो. एमसीबी, आरसीसीबी, इन्व्हर्टर यांच्याबाबतही तेच.

तीन गोष्टी बघून इथे लिहा. नेट फायबरने येतं की तांब्याच्या केबलने? मीटर, मेन स्विच आणि अर्थिंगचा खड्डा एकमेकांपासून किती लांब आहेत? आणि सोलरची एसीडीबी नावाची छोटी पेटी उघडून बघा, आत एसपीडी असेल तर त्याच्या खिडकीचा रंग हिरवा आहे की लाल?

गंगापूर रोड

खराब वस्तू टाकून देऊ नका. घराचा विमा असेल तर बघा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा पॉलिसी असते, त्यात वीज पडणं हे कारण धरलेलं आहे आणि घरातलं सामानही येतं. फोटो काढा, नारळाचाही काढा, दुरुस्तीवाल्याकडून लेखी अहवाल घ्या आणि कंपनीला लगेच कळवा. बँकेच्या गृहकर्जाबरोबर काढलेला विमा पुष्कळदा फक्त इमारतीचा असतो, सामान आहे का ते आधी वाचा.

मखमलाबाद रोड

काका, मनापासून धन्यवाद. आणि विम्याचं सुचवलंत त्यांचेही, गृहकर्जाचे कागद काढलेत.

टीव्हीवाला म्हणाला पॉवर सप्लाय शाबूत आहे, एचडीएमआय पोर्टच्या मागची चिप फुटली आहे. राउटरचा दिवा लागतो, पण ज्या भोकात बाहेरची वायर जाते ते मेलंय. तुम्ही लिहिलंत तसंच.

नेट फायबरने येतं असं मी समजत होते. बघितलं तर फायबर समोरच्या बिल्डिंगपर्यंत आहे आणि तिथून आमच्याकडे काळी लॅन केबल रस्त्यावरून, लाईटच्या खांबाला आधार देऊन आणली आहे. डिश गच्चीवर टाकीशेजारी, तिला कुठलंच अर्थिंग नाही. मीटर पुढच्या भिंतीवर, मेन स्विच तिथेच आत, खड्डा फाटकाशेजारी, म्हणजे जवळच. सोलरच्या पेटीतल्या एसपीडीची खिडकी लाल आहे. ती पेटी मागच्या बाजूला जिन्याखाली आहे.

सोलरवाल्यांना विचारलं की तुमचे खड्डे आमच्या अर्थिंगला जोडू का. ते एकदम नाही म्हणाले. लाइटनिंग अरेस्टरचा, म्हणजे छतावरच्या वीज झेलणाऱ्या दांड्याचा, खड्डा घराच्या अर्थिंगला जोडला तर आकाशातली वीज सरळ घरात येईल, म्हणून तिन्ही मुद्दाम वेगळे ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला पटतं. खरं काय?

अंबड मेंटेनन्स

खिडकी लाल आहे म्हणजे त्या एसपीडीने आपलं काम करून प्राण सोडला. आत व्हॅरिस्टर असतो, झटका बसला की तो स्वतःतून जमिनीकडे वाट देतो आणि त्यात झिजतो. कदाचित त्याच्यामुळेच तुमचा फ्रिज वाचला. आता तो नाही, तेव्हा तो आधी बदला. बहुतेक ब्रँडमध्ये फक्त वरचा तुकडा खेचून नवा लावता येतो. बेस तसाच राहतो.

आता वेगळ्या खड्ड्यांचं. हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि सोलर आल्यापासून तर प्रत्येक छतावर ऐकतोय. त्यांना तीन खड्डे करायला सांगितलेलं असतं: एक पॅनेलच्या सांगाड्याचा आणि डीसीचा, एक एसीचा, एक अरेस्टरचा. तीन इलेक्ट्रोड असण्यात वाईट काही नाही. त्यांना एकमेकांपासून तोडून ठेवण्यात वाईट आहे. अरेस्टरवर वीज पडली तर त्याचा खड्डा हजारो व्होल्टने वर चढणार, आणि दहा-पंधरा फुटांवर तुमच्या घराचा खड्डा खाली राहणार. मग हा फरक तुमच्या घरात सोलरच्या वायरीवर, इन्व्हर्टरमध्ये, डिशच्या केबलीत फुटतो. वीज घरात येऊ नये म्हणून वेगळं ठेवायचं, आणि नेमकं त्यामुळेच ती घरात फुटते. विजेपासून संरक्षणाचं मानक आहे आयएस/आयईसी ६२३०५, अर्थिंगचं आयएस ३०४३, दोन्हीचा रोख हाच आहे की इमारतीच्या सगळ्या अर्थिंग एकत्र बांधा. अरेस्टरची पट्टी मात्र घराच्या आतून नेऊ नका, बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली आणा, कोपऱ्यात काटकोनी वळण नको, मोठं गोल वळण चालेल. आणि खाली जमिनीत सगळे खड्डे जोडा.

जोडायचं कसं: पुढच्या खड्ड्यापासून मागच्या तिन्हींपर्यंत चर खणा, दीड-दोन फूट खोल, पायापासून साधारण दीड मीटर बाहेर. त्यात जीआयची २५ बाय ६ मिलिमीटरची पट्टी टाका. जोड वेल्डिंगचे, त्यावर डांबर. ही पट्टी नुसता जोड राहत नाही, तिच्या पूर्ण लांबीने ती स्वतःच इलेक्ट्रोड होते. तुमच्या भागात हे विशेष उपयोगी आहे, कारण आपली वरची काळी माती ओली असताना करंट छान घेते, पण मे महिन्यात ती भेगाळते आणि रॉडपासून सुटते. खाली मुरूम आणि मग खडक, तो करंट घेतच नाही. म्हसरूळकडे, चामरलेण्याच्या पायथ्याला तर चार फुटांवर पहार ठणकते, तिथे तीन मीटरचा रॉड ठोकायचा हट्ट धरण्यापेक्षा आडवी पट्टी पंधरा मीटर किंवा जास्त पुरलेली कितीतरी चांगली. नव्या रॉडची गरज वाटलीच तर तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड आणि भोवती बेंटोनाइट. ती माती ओल धरून ठेवते. दोन रॉडमध्ये निदान रॉडच्या लांबीइतकं अंतर, जमलं तर दुप्पट. शेजारी शेजारी ठोकले तर एकाचाच उपयोग.

मग मेन स्विचजवळ तांब्याचा अर्थ बार लावा. खड्ड्याची पट्टी त्यावर, घराची अर्थ वायर त्यावर, आणि त्याच्या शेजारीच एसपीडी. तुमच्याकडे उघड्या तारांची लाईन आहे आणि छतावर अरेस्टर आहे, म्हणून टाइप १+२ घ्या, म्हणजे थेट पडलेल्या विजेचा भार आणि तारेवरून आलेला झटका दोन्ही सोसणारा. सिंगल फेजला '१+१' जोडणीचा, म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅसट्यूब. त्यावर लिहिलेला, सतत सोसता येणाऱ्या व्होल्टेजचा आकडा २७५ ऐवजी ३२० चा बघा. गावाच्या कडेला रात्री उशिरा व्होल्टेज चढतं, २७५ चा हळूहळू तापून मरतो. त्याच्या मागे कंपनीने सांगितलेला फ्यूज किंवा एमसीबी हवाच.

आणि इथे वायरमनच्या शेजारी उभ्या राहा. एसपीडी महागाचा आणला आणि वायर लांब ठेवली तर पैसे पाण्यात. मेन स्विचपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ बार, दोन्ही वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. करंट ८ मायक्रोसेकंदांत १० हजार अँपिअरवर चढतो तेव्हा मीटरभर सरळ तांब्याच्या वायरीवरच हजार-बाराशे व्होल्ट पडतात, वायर कितीही जाड असो. हे व्होल्टेज एसपीडीच्या आकड्यात मिळवलं जातं आणि टीव्हीपर्यंत पोचतं. वायरमन मंडळी दोन फूट जास्त वायर ठेवून सुबक गुंडाळी करून टाय मारतात. ती गुंडाळी कापायला लावा. खड्डा लांब असला तरी चालतं, बार आणि एसपीडी यांच्यात अंतर चालत नाही. जिन्याखालच्या पेटीतला एसपीडी मेन स्विचच्या बाजूने आलेल्या झटक्याला फार दूर पडतो, म्हणून पुढे वेगळा हवा.

डिशची केबल गच्चीवरून थेट टीव्हीकडे नेऊ नका. ती आधी खाली अर्थ बारपाशी आणा, तिथे केबलचा सर्ज प्रोटेक्टर, त्याची अर्थ वायर बारला, तिथून टीव्हीकडे. डिशचा खांबही अर्थ करा. कॅमेऱ्यांचं तसंच. नेटची ती काळी केबल मात्र काढाच. ऑपरेटरकडे फायबर थेट घरात आणायचा आग्रह धरा. काचेतून वीज येत नाही. आधाराला लोखंडी तार असलेली फायबर आली तर ती तार घराबाहेरच तोडायला सांगा, आत नको.

एवढं करूनही नारळावर पडली तशी घरावर पडली तर खात्री कोणी देऊ नये, मीही देत नाही. म्हणून ढग दाटले की प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण फक्त फेज तोडतं, तेही जेमतेम तीन मिलिमीटर, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. डिशची केबलही टीव्हीतून सोडवा. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनवर ठेवा, ते तुमच्या जागेभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. ॲप नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की प्लगला हात लावायची वेळ टळून गेलेली असते, तेव्हा जाऊ नका. टीव्ही पुन्हा घेता येतो. सासूबाईंचं नेब्युलायझर दुपारी आभाळ भरायच्या आधी देऊन घ्या आणि ते कायम प्लगला लावून ठेवू नका.

दिंडोरीचा मळा

काका, आमच्याकडे बोअरची मोटार दर एक-दोन वर्षांनी विजेत जाते. स्टार्टर कधी वाचतो, कधी नाही, पण मोटार जातेच. पाचशे फुटांवर, पाण्यात बुडालेली. तिच्यापर्यंत वीज पोचते कशी? डीपीपासून लाईन पाऊण किलोमीटर उघड्यावर आहे.

अंबड मेंटेनन्स

दादा, मोटार पाण्यात बुडालेली आहे हेच कारण आहे. अख्ख्या शेतात तिच्याइतकं चांगलं अर्थिंग दुसरं नाही. लाईनवर चढलेली वीज स्टार्टरमधून केबलीने खाली जाते आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन फोडून मोटारीच्या बॉडीवाटे पाण्यात उतरते. तुमची मोटारच तिचा खड्डा होते.

उपाय वर, बोअरच्या तोंडाशी. स्टार्टरच्या पेटीत थ्री फेजचा '३+१' एसपीडी, टाइप १+२. त्याची अर्थ वायर बोअरच्या तोंडाशी ठोकलेल्या रॉडला, आणि तिथेच मोटारीची अर्थ वायर, लोखंडी कॉलम पाइप आणि केसिंग लोखंडी असेल तर तेही जोडा. आपल्याकडे केसिंग खडक लागेपर्यंतच असतं, आणि हल्ली पीव्हीसीचं टाकतात. पीव्हीसी असेल तर कॉलम पाइप आणि रॉड यांवर भिस्त. स्टार्टरची पेटी बोअरपासून लांब पंपघरात असेल तर दोन्ही टोकांना एसपीडी हवा. स्टार्टरला नुसतं ऑफ करून भागत नाही. त्याच्या आधीचा आयसोलेटर खाली पाडा.

आणि बागेत काम चालू असेल तर मोटारीची काळजी सोडा. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेल्या असतात, वीज लांबच्या कडेला पडली तरी तारेने इकडे येते. पहिला गडगडाट ऐकला की माणसं बागेतून बाहेर, पक्क्या छताखाली किंवा बंद गाडीत. झाडाखाली नाही.

पाथर्डी फाटा

आम्ही सात मजली सोसायटीत चौथ्या मजल्यावर. गच्चीवर बिल्डरने गोल डोक्याचा अरेस्टर लावलाय, त्याची छत्री शंभर मीटरपर्यंत आहे म्हणतात. मागच्या वर्षी मात्र एका संध्याकाळी पाऊस नसताना आठ फ्लॅटमधले चार्जर, बल्ब, दोन फ्रिज गेले. हे अर्थिंगमुळे का? फ्लॅटवाल्याने स्वतः काय करावं?

अंबड मेंटेनन्स

पाऊस नव्हता आणि काही फ्लॅटमध्येच गेलं, तर तो न्यूट्रल सुटल्याचा प्रकार वाटतो, विजेचा नाही. थ्री फेजच्या मीटर रूममध्ये न्यूट्रलचा नट ढिला पडला की काही घरांना ३००-३५० व्होल्ट मिळतात आणि काहींचे दिवे मिणमिणतात. बल्ब आधी भडक झाले होते का, कोणाला आठवतं का विचारा. त्यावर एसपीडी उपयोगाचा नाही, इतका वेळ चढलेलं व्होल्टेज त्यालाच जाळून टाकेल. फ्लॅटच्या डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा, तो वर गेलं की तोडतो. मीटर रूमचे न्यूट्रलचे जोड वर्षातून एकदा आवळून घ्यायला सोसायटीकडे मागणी करा.

शंभर मीटरच्या छत्रीवर विसंबू नका. आयएस/आयईसी ६२३०५ असल्या वाढीव त्रिज्येचा दावा धरत नाही. आणि अरेस्टर चांगला असला तरी तो इमारतीच्या भिंती आणि छत वाचवतो, तुमचा टीव्ही नाही. उलट त्याच्यावर वीज पडली तर मीटर रूममध्ये टाइप १ एसपीडी आणि सगळ्या अर्थिंगचा जोड हवाच. ते सोसायटीने करायचं काम आहे, एकट्या फ्लॅटचं नाही. तुम्ही तुमच्या डीबीत टाइप २ लावा, वायर आखूड ठेवून, आणि गच्चीवरून स्प्लिटरने येणाऱ्या डिशच्या केबलीकडे बघा.

मखमलाबाद रोड

काम झालं, इतरांना उपयोग होईल म्हणून लिहिते. वायरमन आधी नाराज होता, पण अर्थ टेस्टर घेऊन आला आणि स्वतः रस घेऊन मोजलं. पुढचा जुना खड्डा १४ ओहम भरला. मागचे तिन्ही ९, २२ आणि ११. चर खणून पट्टीने चारही जोडल्यावर ४ आले. नवा खड्डा केलाच नाही. सोलरवाल्यांनी लेखी विचारल्यावर हरकत घेतली नाही.

एसपीडी मेन स्विचच्या शेजारी बसला, वायरी मोजल्या, दोन्ही मिळून वीतभर आहेत. वायरमनने गुंडाळी केली नाही, मी शेजारी उभी होते. फायबर घरात आला. डिशची केबल खाली आणायला सांगितल्यावर लावणारा मुलगा म्हणाला सिग्नल कमी होईल, पण काही झालं नाही.

एक राहिलं. गच्चीवरच्या टाकीला खालून जीआयचा पाइप आहे, वर जुनी लोखंडी शिडी. तेही जोडायचं का?

अंबड मेंटेनन्स

४ ओहम उत्तम आहे. पाइप जमिनीतून घरात शिरतो तिथे क्लँप मारून अर्थ बारला जोडा, शिडी सोलरच्या सांगाड्याला जोडा. मधे कुठे प्लास्टिकचा तुकडा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचा पाइप वायरीने सांधा. आंघोळ, भांडी हे वीज चमकत असताना नको, पाइप जोडलेला असला तरी.

एसपीडीची खिडकी प्रत्येक मोठ्या कडकडाटानंतर बघा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. टेस्टरची मोजणी पुन्हा मे महिन्यात, माती सगळ्यात कोरडी असताना. आत्ताचा आकडा बारच्या पेटीच्या दारावर आतून तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वायरमनला लागेल.